विंडोज ७ वर पायथन आणि सी++: महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी नेमके काय बसवावे?

गोदाकाठ

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणी कनिष्ठ महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतील बहुतेक यंत्रे पेंटियम ड्युअल कोअर आणि कोअर टू ड्युओ या पिढीतील आहेत. त्यांवर २ जीबी मेमरी आणि ३२-बिट विंडोज ७ आहे. नवी यंत्रे नजीकच्या काळात मिळण्याची शक्यता नाही. जुने विंडोज काढून टाकण्याचीही परवानगी नाही, कारण कार्यालयाचे एक नोंदणीचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेला प्रिंटर याच यंत्रांवर चालतात आणि त्या प्रिंटरचा ड्रायव्हर पुढच्या विंडोजसाठी मिळत नाही.

पायथनची ताजी आवृत्ती उतरवली, तर इन्स्टॉलर सुरुवातीलाच नकार देतो. व्हीएस कोड या कोड-संपादकाचेही तेच. कोणत्या साधनाची कोणती आवृत्ती या यंत्रांवर चालते, हे एका जागी नीट लिहिलेले मला कुठेही सापडले नाही. इंटरनेटची जोडणी अधूनमधूनच असते, त्यामुळे सर्व काही पेनड्राइव्हवर नेऊन बसवता आले पाहिजे. सी++ साठी आमच्याकडे अजूनही टर्बो सी++ वापरतात. ते सोडावे का, याबद्दलही आपली मते हवी आहेत. मुलांना घरी संगणक नाही. जे शिकायचे ते इथेच, म्हणून ही व्यवस्था चांगली लागावी असे मनापासून वाटते.

रात्रपाळी

गोदाकाठ ताई, विंडोज ७ चा विस्तारित पाठिंबा १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि पैसे भरून मिळणारी सुरक्षा अद्यतनेही जानेवारी २०२३ मध्ये थांबली. त्या सुमारास एकेका साधनाने विंडोज ७ चा हात सोडला, त्यामुळे प्रत्येकाची ‘शेवटची चालणारी आवृत्ती’ शोधणे एवढेच आपले काम उरते. मला खात्रीने माहीत असलेल्या आवृत्त्या देतो.

पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची शाखा. ३.९ पासून किमान विंडोज ८.१ लागते. ३.८ मध्येही ३.८.१० घ्यावी, कारण अधिकृत विंडोज इन्स्टॉलर असलेली ती शेवटची; त्यानंतरच्या ३.८ च्या सुधारणा केवळ सोर्स कोडच्या रूपात आल्या. व्हीएस कोड १.७०.३ वर थांबते. नोड १३.१४ पर्यंत सरळ बसते. गो १.२० पर्यंत, आणि गिट २.४६.२ पर्यंत. ब्राउझरमध्ये क्रोम १०९ शेवटचे, फायरफॉक्सची ११५ ही दीर्घ पाठिंब्याची शाखा शेवटची.

मात्र २ जीबी मेमरीवर व्हीएस कोड बसवू नका. ते सुरू होईल, पण सोबत ब्राउझर उघडला की यंत्र रखडेल आणि मुले कोडऐवजी फिरणाऱ्या वर्तुळाकडे पाहत बसतील. त्याऐवजी थॉनी हा पायथनचा संपादक पाहा. त्याचा ३२-बिट पायथन ३.८ सह येणारा इन्स्टॉलर विंडोज ७ वर चालतो, पायथन वेगळे बसवावे लागत नाही, आणि एकेक ओळ पुढे सरकवत चलांच्या किमती बदलताना दाखवण्याची त्याची सोय नवशिक्यांसाठी फार उपयोगी आहे.

चाकणकर

वरील यादीत एक महत्त्वाची भर घालतो. पायथन ३.८ बसवण्यापूर्वी विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ आहे का ते पाहा आणि त्यानंतर केबी२९९९२२६ हे अद्यतन बसवा. याच अद्यतनात ‘युनिव्हर्सल सी रनटाइम’ असते. ते नसेल तर पायथन उघडताच ‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी-रनटाइम’ अशी सुरुवात असलेली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सामायिक फाइल) सापडत नाही, असा संदेश येतो. अद्यतनाची फाइल ३२-बिट यंत्रासाठी वेगळी आणि ६४-बिटसाठी वेगळी असते. चुकीची निवडली किंवा सर्व्हिस पॅक नसला, तर ‘हे अद्यतन आपल्या संगणकासाठी लागू नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि कारण कळत नाही. कित्येकदा ‘अद्यतने शोधत आहे’ या पडद्यावर गाडी अडकून राहते. अशा वेळी नेटवर्कची केबल काढावी, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज अपडेट ही सेवा थांबवावी आणि फाइल पुन्हा चालवावी.

दुसरे असे की, कुणीतरी ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ नावाची डीएलएल नेटवरून उतरवून सिस्टिम फोल्डरमध्ये टाका, म्हणजे पायथन ३.९ ही चालेल, असा सल्ला देईल. तो मानू नका. आमच्या कारखान्यात मोजमापाच्या यंत्रांना जोडलेले संगणक विंडोज ७ वरच आहेत, कारण त्या यंत्रांच्या कार्डांचे ड्रायव्हर पुढे आलेच नाहीत. तिथे मी असल्या उसन्या डीएलएल पाहिल्या आहेत. त्या कुणी तयार केल्या आणि त्यांत काय भरले आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. ३.८ वर थांबणे हा साधा आणि स्वच्छ मार्ग आहे.

विदिशा_प

मला या दिशेबद्दलच आक्षेप आहे. पायथन ३.८ चा स्वतःचा पाठिंबाही ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. पाठिंबा संपलेल्या प्रणालीवर पाठिंबा संपलेली भाषा शिकवणे म्हणजे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी मागे ठेवणे होय. शिवाय ही यंत्रे जाळ्याला जोडली जाणार असतील, तर सुरक्षेचा प्रश्न गंभीर आहे. आपण परवानगीसाठी भांडायला हवे, जुन्या आवृत्त्यांची यादी करत बसायला नको.

रात्रपाळी

विदिशाजी, सुरक्षेचा मुद्दा मान्य आहे आणि त्यासाठीच ही यंत्रे जाळ्याविना चालवणे उत्तम. मात्र ‘मागे ठेवणे’ हे मान्य नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला लागणारी चल, अटी, लूप, फंक्शन, याद्या, शब्दकोश आणि फाइली ही सर्व सामग्री ३.८ मध्ये पूर्णपणे आहे, एफ-स्ट्रिंगही आहेत. अडचण येईल ती ठरावीक ठिकाणीच. नव्या पुस्तकातला ‘मॅच-केस’ चालणार नाही, कारण तो ३.१० मध्ये आला. फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘लिस्ट’ला चौकटी कंस लावून प्रकार लिहिला, तर ३.८ मध्ये ‘टाइप’ या वस्तूला असे कंस लावता येत नाहीत अशी चूक येते, कारण ती सोय ३.९ ची. दोन शब्दकोश उभ्या रेघेने जोडण्याचेही तसेच. या गोष्टी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवता येतील इतक्या थोड्या आहेत.

जुनी_तबकडी

टर्बो सी++ विषयी मी बोलतो, कारण मी ते दीर्घकाळ शिकवले आहे आणि आता ते सोडावे असे ठामपणे सांगतो. ३२-बिट विंडोज ७ वर ते अजून चालते, कारण त्यात १६-बिट प्रोग्रॅम चालवण्याची सोय शिल्लक आहे. पण पूर्ण पडदा मागितला की ‘ही प्रणाली पूर्ण पडद्याची सोय देत नाही’ असा संदेश येतो. ६४-बिट विंडोजवर ती सोयच नाही, म्हणून तिथे डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनातून चालवावे लागते.

खरा प्रश्न पडद्याचा नाही. टर्बो सी++ ३.० हे सी++ चे १९९८ चे प्रमाण ठरण्याच्या कितीतरी आधीचे आहे. त्यात ‘नेमस्पेस’ नाही, प्रमाण ‘व्हेक्टर’ आणि ‘स्ट्रिंग’ नाहीत, शीर्षफाइलींची नावे वेगळी आहेत, आणि ‘इंट’ केवळ १६ बिटांचा आहे. विद्यार्थ्याला क्रमगुणिताचा प्रोग्रॅम द्या. ७ चे उत्तर ५०४० बरोबर येते आणि ८ चे उत्तर ४०३२० ऐवजी उणे २५२१६ येते, कारण त्या ‘इंट’ची कमाल मर्यादा ३२७६७ आहे. प्रोग्रॅम बरोबर असूनही उत्तर चुकले की मूल स्वतःवरचा विश्वास गमावते, आणि हे यंत्राच्या मर्यादेमुळे घडले हे त्याला सांगायला प्रत्येक वेळी शिक्षक जवळ नसतो.

कोड::ब्लॉक्स या सी++ संपादकाची २०.०३ ही, मिंजीडब्ल्यूसह (विंडोजसाठीचा जीसीसी कंपायलर) येणारी ३२-बिट आवृत्ती घ्या. तिच्यातील जीसीसी ८.१ सी++१७ पर्यंतचा बहुतेक भाग ओळखते आणि ती विंडोज ७ वर अगदी व्यवस्थित चालते.

प्रथमवर्ष

मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत टर्बो शिकलो आणि इथे आल्यावर ‘क्लिअरस्क्रीन’ आणि ‘गेटसीएच’ यांशिवाय प्रोग्रॅम लिहिता येईना. वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे.

संध्या_का

जुनी तबकडी सर, परीक्षेचा विचारही करायला हवा. बारावीच्या संगणकशास्त्रात अनेक वर्षे सी++ शिकवली गेली आणि प्रात्यक्षिक परीक्षेला येणारे बाहेरचे परीक्षक जुन्याच पद्धतीचा कोड अपेक्षितात. विद्यार्थ्याने ‘इंट मेन’ आणि ‘युझिंग नेमस्पेस’ लिहिले, तर काही परीक्षक ते वहीशी जुळत नाही म्हणून शंका घेतात. म्हणून मी दोन्ही ठेवते: शिकवणे जीसीसीवर, आणि टर्बो परीक्षेच्या आधी काही तास, दोन पद्धतींतील फरक दाखवण्यासाठी.

जुनी_तबकडी

संध्याताई, ही तडजोड योग्य आहे. फक्त क्रम आपण म्हणता तोच असावा. आधी प्रमाण सी++ पक्के व्हावे आणि जुनी पद्धत माहितीपुरती यावी. उलट क्रमाने गेलेल्या विद्यार्थ्यांना जुन्या सवयी सोडवताना फार त्रास होतो.

लेखनकामाठी

बसवताना जागेची काळजी घ्या. विंडोजच्या वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असेल किंवा त्यात मोकळी जागा असेल, तर मिंजीडब्ल्यूमधील काही साधने अशा मार्गावरील फाइली उघडू शकत नाहीत आणि चूक दाखवणारा संदेश भलतीकडेच बोट दाखवतो. सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘पायथन३८’ आणि ‘सराव’ असे दोन फोल्डर करा; नावे रोमन लिपीत, मोकळ्या जागेविना. विद्यार्थ्यांच्या फाइली डेस्कटॉपवर नकोत.

सी++ च्या तासाला हमखास येणारा आणखी एक प्रश्न म्हणजे, प्रोग्रॅम दुसऱ्यांदा बांधताना ‘आउटपुट फाइल उघडता येत नाही, परवानगी नाही’ असा संदेश. मुले घाबरतात, काहीजण सगळे पुन्हा बसवायला निघतात. बहुतेक वेळा आधीच्या प्रोग्रॅमची काळी खिडकी मागे उघडीच राहिलेली असते. ती बंद केली की काम होते. खिडकी नसेल आणि तरीही संदेश आला, तर अँटिव्हायरस नुकत्याच तयार झालेल्या फाइलीला धरून बसला आहे का ते पाहावे आणि ‘सराव’ फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळावा.

मंगल_अक्षर

मराठी मजकुराचे काय? मी शाळेत मुलांना पहिला प्रोग्रॅम मराठीतच लिहायला लावते. ‘नमस्कार’ छापायला सांगितले, तर विंडोज ७ च्या काळ्या खिडकीत चौकटी दिसतात. त्याला उपाय आहे का?

रात्रपाळी

त्या खिडकीत उपाय नाही. पायथन मजकूर बरोबर पाठवतो, पण खिडकीला देवनागरी जुळवून दाखवता येत नाही. कोड पेज ६५००१ केले तरी अक्षरे जुळत नाहीत. तोच प्रोग्रॅम आयडल (पायथनसोबत येणारा संपादक) किंवा थॉनीमध्ये चालवा. तिथे विंडोज ७ सोबत आलेला मंगल हा फाँट वापरला जातो आणि जोडाक्षरे नीट दिसतात, जरी कर्सर कधीकधी अक्षराच्या थोडा पुढेमागे उभा राहिला तरी.

फाइलींबाबत मात्र मुलांना सुरुवातीपासून शिस्त लावा. विंडोजवरील पायथन ३.८ मध्ये ‘ओपन’ला एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) सांगितले नाही, तर ते प्रणालीचे जुने कोड पेज धरते आणि मराठी फाइल वाचताना चूक तरी येते किंवा कचरा तरी दिसतो. प्रत्येक वेळी ‘यूटीएफ-८’ लिहावेच. आणि विंडोज ७ चे नोटपॅड आपणहून ‘एएनएसआय’ या जुन्या एन्कोडिंगमध्ये जतन करते, त्याची सूचना न वाचता होकार दिला, तर सगळी मराठी अक्षरे प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत मिळत नाहीत. जतन करताना खालच्या यादीतून यूटीएफ-८ निवडायला हवे. तसे केले, तरी ते फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण घालते. त्यामुळे अशी फाइल पायथनमध्ये वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ हे नाव द्यावे, अन्यथा पहिल्या शब्दाची तुलना कधीच जुळत नाही.

मंगल_अक्षर

पहिला शब्द न जुळण्याचे कारण आज कळले. मनापासून आभार.

ऱ्हाइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि जुन्या संगणकांना लिनक्स घालून शाळांना देणाऱ्या गटासोबत काम करतो, म्हणून एक वेगळी गोष्ट सुचवतो. गोदाकाठ ताई, आपली यंत्रे ३२-बिट आहेत असे आपण लिहिले आहे, पण ३२-बिट आहे ते विंडोज. कोअर टू ड्युओचा प्रोसेसर ६४-बिट आहे. पेंटियम ड्युअल कोअरच्या बाबतीतही डेस्कटॉप यंत्रांत बहुधा तसेच असते. विंडोज ७ मध्ये ‘परफॉर्मन्स इन्फर्मेशन अँड टूल्स’च्या तपशिलात ‘६४-बिट केपेबल’ अशी ओळ असते. तिथे ‘येस’ दिसले, तर विंडोजला हात न लावता शेजारी ६४-बिट डेबियन हे लिनक्स बसवता येईल. डेबियन १२ मध्ये पायथन ३.११ आणि जीसीसी १२ आहेत. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप २ जीबीत पुरेसा चालतो.

हे तपासणे आत्ता महत्त्वाचे आहे, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ साठी ३२-बिट इन्स्टॉलर देणे बंद झाले. खरोखर ३२-बिट असलेल्या यंत्रासाठी डेबियन १२ च घ्यावे लागेल.

विदिशा_प

माझा मूळ मुद्दा हाच होता. कार्यालयाचे सॉफ्टवेअर विंडोजवर राहू द्यावे आणि मुलांना पाठिंबा असलेली प्रणाली मिळावी. असे शेजारी-शेजारी करता येत असेल, तर जुन्या आवृत्त्यांवरचा माझा आक्षेप बराचसा मिटतो.

चाकणकर

शेजारी बसवण्यात एक धोका आहे आणि तो स्पष्ट सांगायला हवा. डिस्कचे विभाजन करताना कार्यालयाची माहिती गेली, तर दोष शिक्षिकेवर येईल. ज्या यंत्राला तो प्रिंटर जोडला आहे, त्याला हात लावू नये. बाकीच्यांपैकी एकावर आधी लिनक्स पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’, म्हणजे डिस्कवर न बसवता, चालवून पडदा, कळफलक आणि नेटवर्क चालते का ते पाहावे. डिस्कची पूर्ण प्रत घेऊन मगच पुढे जावे.

आणि जुन्या यंत्रांची आणखी एक खोड: मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा सेल संपला की तारीख दर वेळी कित्येक वर्षे मागे जाते. मग ब्राउझर आणि पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारे साधन) दोन्ही सुरक्षा प्रमाणपत्र नाकारतात, कारण यंत्राच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नसते. लोक प्रॉक्सी, फायरवॉल, अँटिव्हायरस सगळे तपासतात आणि घड्याळाकडे कुणी पाहत नाही. प्रत्येक यंत्राची तारीख आधी पाहा. सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. आज प्रयोगशाळेत जाऊन पाहिले. बहुतेक यंत्रांवर ‘६४-बिट केपेबल’समोर ‘येस’ आहे आणि काहींची तारीख खरोखरच २००९ दाखवत होती. प्राचार्यांनी एका यंत्रावर लिनक्स लाइव्ह चालवून पाहण्यास परवानगी दिली आहे. तोपर्यंत सर्व यंत्रांवर थॉनी आणि कोड::ब्लॉक्स बसवते. आता उरलेले प्रश्न दोन. नमपाय (गणिती कामाचे) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढण्याचे) ही पॅकेजेस इंटरनेटविना कशी बसवावीत? आणि पेनड्राइव्हवर आणलेली फाइल वाटेत बिघडलेली नाही, हे कसे तपासावे?

रात्रपाळी

जिथे इंटरनेट आहे अशा कोणत्याही संगणकावर, मग तो लिनक्स असो वा विंडोज ११, ‘पिप डाउनलोड’ चालवा. त्याला तीन गोष्टी सांगा: प्लॅटफॉर्म ‘विन३२’, पायथन आवृत्ती ३८, आणि ‘ओन्ली-बायनरी’ला ‘ऑल’. पिप स्वतःच ३.८ ला चालणाऱ्या शेवटच्या आवृत्त्या निवडतो; नमपायसाठी ती १.२४ ची शाखा आहे, मॅटप्लॉटलिबसाठी ३.७ ची. ‘ओन्ली-बायनरी’ विसरू नका. ते नसेल, तर प्लॅटफॉर्म आणि पायथन आवृत्ती सांगितल्यावर पिप सुरुवातीलाच चूक देऊन थांबतो. ते असेल आणि एखाद्या पॅकेजची ३२-बिट तयार फाइल उपलब्ध नसेल, तर नकार घरीच कळतो. नंतर तो फोल्डर प्रयोगशाळेत नेऊन ‘पिप इन्स्टॉल’ला ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ हे दोन पर्याय द्या, म्हणजे तो जाळ्याकडे जाणारच नाही.

यंत्र-अध्ययनाची मोठी पॅकेजेस मात्र या यंत्रांवर बसवायला जाऊ नका. टेन्सरफ्लोच्या तयार फाइली १.६ पासून प्रोसेसरच्या एव्हीएक्स नावाच्या सूचना गृहीत धरतात आणि कोअर टू ड्युओमध्ये त्या नाहीत.

लेखनकामाठी

फाइल तपासण्यासाठी वेगळे काही उतरवावे लागत नाही. विंडोज ७ मध्ये ‘सर्टयुटिल’ आहेच. कमांड खिडकीत त्याला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलीचे नाव आणि शेवटी ‘एसएचए२५६’ द्या. येणारी अक्षरमाला इंटरनेट असलेल्या संगणकावर त्याच फाइलीसाठी काढलेल्या अक्षरमालेशी जुळली पाहिजे, आणि साधनाच्या संकेतस्थळावर ती छापलेली असेल तर तिच्याशीही. विंडोज ७ हे अक्षरांच्या दर जोडीनंतर मोकळी जागा सोडते, त्यामुळे दोन्ही सारखी असूनही वेगळी वाटतात. ती जागा वगळून वाचा.

संध्या_का

ताई, सगळे बसल्यावर इन्स्टॉलर, पॅकेजेस, अद्यतनाची फाइल आणि अक्षरमालांची यादी असा पूर्ण फोल्डर दोन ठिकाणी जपून ठेवा. जुन्या आवृत्त्या संकेतस्थळांवरून केव्हा हलवल्या जातील याचा भरवसा नसतो आणि हार्ड डिस्क बदलावी लागली की पहिल्यापासून शोधाशोध करावी लागते. आमच्या तालुक्यातील आणखी दोन महाविद्यालयांत अशीच यंत्रे आहेत. आपला फोल्डर तयार झाला की मी येऊन प्रत घेऊन जाईन.

गोदाकाठ

अवश्य या, संध्याताई. लाइव्ह लिनक्स आज चालवून पाहिले. पडदा, कळफलक आणि नेटवर्क तिन्ही चालले. फक्त पुन्हा विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसले. हा सेलचा दोष असेल का?

ऱ्हाइनकाठ

नाही, सेल ठीक आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळातील वेळ स्थानिक समजते, तर लिनक्स ती जागतिक प्रमाणवेळ समजते आणि इंटरनेटवरून वेळ जुळवली की तशीच लिहून ठेवते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे नेमका तेवढाच फरक दिसतो. डेबियन बसवल्यावर ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी’ आणि १ एवढे सांगा, म्हणजे दोन्ही प्रणाली एकाच समजुतीवर येतील. लाइव्ह चालवताना इंटरनेटची केबल काढून ठेवली, तरी पुरे.